मोठी फटफटी घरात येते तेव्हा

मिक्सर घ्यायचा झाला किंवा शिलाई मशीन घ्यायचे झाले, तर आपण चार दुकाने पालथी घालतो. झाकण उघडून पाहतो, बटण फिरवून पाहतो, दुकानदाराला दहा प्रश्न विचारून भंडावून सोडतो. पण घरात मोटारसायकलचा विषय निघाला की "तो पुरुषांचा प्रांत" म्हणून आपण मुकाट्याने बाजूला होतो. मैत्रिणींनो, मला याचे नवल वाटते. त्या गाडीच्या मागच्या सीटवर भाजीची पिशवी सांभाळत बसणार आपण. तिच्यासाठी बहुतेक वेळा भिशी मोडणार ती आपली. आणि संध्याकाळी ती वेळेवर परतली नाही तर दारात उभ्या राहणारही आपणच. मग ती घेताना आपण लांब का राहायचे?

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे १०० सीसीची स्प्लेंडर जाऊन १५० सीसीची सेकंडहँड पल्सर आली. हौस म्हणून नव्हे. मी तासिका तत्त्वावर शिकवते ती शाळा घरापासून १५ किलोमीटरवर आहे, आणि रस्ता आमच्या यवतमाळच्या टेकड्यांमधून चढउतारांचा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपल्याला अर्धे तिकीट आहे, पण तासाच्या वेळेला एसटी नसेल तर अर्ध्या तिकिटाचे करायचे काय? जुनी गाडी इमानी होती, पण दोघे बसून चढ लागला की धापा टाकायची. मागून ट्रक आला की माझा जीव मुठीत.

सासूबाईंचे म्हणणे, "कायले पायजे एवढं धूड?" प्रश्न रास्त होता. म्हणून आधी वहीत हिशेब मांडला. रोजचे ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. जुनी गाडी लिटरला ६० द्यायची, नवी ४५ देणार. साडेबारा लिटरऐवजी साधारण पावणेसतरा लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, तेव्हा महिन्याला सव्वाचारशे-साडेचारशे रुपये जास्तीचे. टायर आणि चेन-सेटही महाग. हे पेलणार असेल तरच पुढे जायचे. तुमचे धावणे गावातल्या गावात असेल, तर १०० सीसीची गाडी सोडू नका, असेच मी सांगेन.

आता गाडी पाहायला जाल तेव्हा काय पाहायचे ते सांगते. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावाच, पण आपले डोळेही उघडे ठेवावेत. आम्ही तीन गाड्या पाहिल्या. आमच्या मेकॅनिकने पहिली शिकवण दिली ती ही: "वहिनी, गाडी थंडी असतानाच चालू करून पाहा." आपण पोचण्याआधीच इंजिन गरम असेल, तर सकाळी सुरू व्हायला ती त्रास देत असण्याचा संभव असतो. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. मीटरवर किलोमीटर कमी आणि पायाजवळची रबरे मात्र झिजून गुळगुळीत, असे असेल तर मीटरवर भरवसा ठेवू नये. टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना टायर कडक पडतो. गाडीमागे चार पावलांवर उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहावे. नसतील तर कुठेतरी जोराची धडक बसलेली असते.

एक गोष्ट खास आपल्या कामाची. मागच्या चाकाला साडीगार्ड, मागच्याला धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. पण तरुण मुले 'गाडी चांगली दिसत नाही' म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. आमच्याही गाडीचा तो नव्हता. गाडी घरी आणण्याआधी मी तो बसवून घेतला. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काय होते, ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट ब्रेकची. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागच्या जागी अडकून घसरू नये, यासाठीची ती सोय. म्हणून आम्ही त्यानंतरचीच गाडी शोधली. चार-पाच हजार जास्त गेले, पण ते मला खटकले नाहीत.

आणि आता कागदपत्रे. इथे मात्र कंबर कसून बसा. आरसी बुकातले चेसिस आणि इंजिनचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ घ्या. विमा किती तारखेपर्यंत आहे, दंडाची चलने थकली आहेत का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. सीमेपलीकडची, म्हणजे तेलंगणातली गाडी असेल तर तिथला ना हरकत दाखला लागतो आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे, असा कायदा आहे. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.

याची दुसरी बाजू आपण हमखास विसरतो. आपली जुनी गाडी जो नेतो, त्यानेही ती स्वतःच्या नावावर करून घेतली पाहिजे. "करून घेतो ना काकू" म्हणून तो निघून जातो आणि आरसीवर आपल्याच घरचे नाव राहते. उद्या त्याने कुणाला धडक दिली तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. मग गाडी मधल्या काळात चार हात फिरलेली का असेना. आमची स्प्लेंडर घेणाऱ्या पोराला मी सरळ सांगितले, "बाळा, आधी आरटीओत चल, मग किल्ली." थोडा रुसला, पण आला.

नवी गाडी माझ्या नावावर घेतली. पैसे माझ्या तासिकांचे होते आणि यांची त्याला आनंदाने संमती होती. पण नुसते नाव लावून काय उपयोग? चालवताही यायला हवी. माझे लायसन्स बिनगिअरच्या गाडीचे होते. स्कूटी चालवणाऱ्या पुष्कळ जणींना ठाऊक नसते, की गिअरच्या गाडीसाठी लायसन्सवर तो वेगळा वर्ग चढवावा लागतो. शिकाऊ लायसन्स काढायचे, किमान ३० दिवस थांबायचे आणि मग परीक्षा द्यायची. मी ते रीतसर केले.

पहिल्या दिवशी जाणवले ते वजन. जुनी गाडी ११० किलोच्या आसपास, ही १४५ च्या. स्टँडवरून उतरवताना गाडी अंगाकडे कलती ठेवली तर झेपते, पलीकडे झुकली तर नाही. म्हणून पहिले दोन दिवस मैदानावर नुसती ढकलायला आणि स्टँडवर लावायला शिकले. मग गिअर. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबत जायचे. हिचा पहिला खाली आणि बाकीचे चार वर. जुन्या सवयीने चालत्या गाडीत पाय खाली दाबला तर वरचा गिअर पडायच्या ऐवजी खालचा पडतो आणि गाडी गचका खाते. म्हणून यांनीसुद्धा दोन संध्याकाळी अंगणात बंद गाडीवर बसून पायाला नवा पाठ दिला. शेजारच्या पोरांची करमणूक झाली!

महिन्याभराने एका रविवारी सकाळी 'एल' लावून, यांना मागे बसवून कळंबच्या रस्त्याला लागले. चिंतामणीचे दर्शन हे निमित्त. क्लच सोडताच गाडी ज्या ओढीने निघाली, त्याने पोटात गोळा आला. जुनीचे बळ ८ अश्वशक्तीचे, हिचे १४ चे. हा आकडा वाचणे वेगळे आणि मनगटात जाणवणे वेगळे. पण चढ आला तेव्हा मला बांगड्यांचा आवाज ऐकू आला, इतके इंजिन शांत होते. धापा नाहीत, थरथर नाही. पाचव्या गिअरमध्ये ५० चा वेग तर ३५ सारखा वाटतो. आणि मैत्रिणींनो, खरा धोका तोच. वेग कळत नाही! कापसाच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात; अंधार पडल्यावर ते अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. मोठ्या गाडीचे बळ चढासाठी आणि ओलांडून जाण्यासाठी वापरायचे, शर्यतीसाठी नव्हे. घरात वयात येणारा मुलगा असेल तर हे त्याला किल्ली देण्याआधीच सांगावे.

मागे बसणारीने काय करावे? जमेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकूनच बसावे. एका बाजूला बसले की वळणावर आपले सगळे वजन तिकडेच जाते. पदर, ओढणी कमरेला खोचलेली हवी. हेल्मेट दोघांनाही, चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्याने ते लागते. आणि गाडी मोठी झाली म्हणून माणसे वाढली असे नाही. माणसे दोनच.

शेवटी एक सोपी युक्ती. आपण दुधाचा आणि गॅसचा हिशेब स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर लिहितो, त्याच्यावरच विमा आणि पीयूसी संपण्याच्या तारखा लाल पेनाने लिहून ठेवा. ऑइल बदलले की मीटरचा आकडाही तिथेच टिपा. गाडी कुणीही चालवो, त्या तारखा घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतात.