अर्धाच गुडघा बदलावा का?

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी शहरात मुलांकडे राहायला आलेल्या मराठी आई-वडिलांच्या गप्पांत गुडघ्याचा विषय हमखास निघतो. या भागात तो साऱ्यांचाच विषय आहे. कॅरी ज्या वेक काउंटीत आहे तिला लागूनच जॉन्स्टन काउंटी आहे. तिथल्या रहिवाशांचे सांधे चॅपेल हिलच्या विद्यापीठातले संशोधक 1990च्या दशकापासून तपासत आले आहेत. वयाच्या 85व्या वर्षापर्यंत जवळपास निम्म्या लोकांना त्रासदायक गुडघेदुखी गाठते, हा 2008 सालचा निष्कर्ष याच अभ्यासातला.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. पुष्कळांचा आतला कप्पाच आधी झिजतो, पाय धनुष्यासारखे बाकतात. बाकीचे दोन कप्पे आणि स्नायुबंध शाबूत असतील तर सर्जन तेवढाच कप्पा बदलतात; हाच ‘अर्धा गुडघा’. मांडीच्या हाडावर धातूची टोपी, नडगीवर धातूची पट्टी आणि मधे प्लास्टिकची चकती. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडफेलो आणि जॉन ओ'कॉनर यांनी 1970च्या दशकात ही चकती सरकती ठेवली, म्हणजे गुडघा वाकताना तीही हलते आणि कमी झिजते.

स्वतःचे स्नायुबंध राहिल्यामुळे गुडघा आपलाच वाटतो, चालणं लवकर सुरू होतं आणि वाकणंही बहुधा जास्त मिळतं. मांडी घालून जेवायला बसणाऱ्या आपल्या लोकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण वीस-पंचवीस वर्षांनी काय? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हिशेब असा: पंचवीस वर्षांनी पूर्ण बदललेले सुमारे 82 टक्के गुडघे टिकून होते, अर्धे बदललेले सुमारे 70 टक्के. फरक खरा आहे. मात्र त्यातला काही भाग असाही आहे की अर्धा गुडघा दुखू लागला तर त्याचा पूर्ण करणं तुलनेने सोपं, म्हणून डॉक्टर ते लवकर करतात.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. ब्रिटनमध्ये 528 रुग्णांवर झालेल्या ‘टॉपकॅट’ चाचणीत पाच वर्षांनी अर्धा आणि पूर्ण बदललेल्या दोन्ही गटांचे गुडघे जवळपास सारखेच चालत होते, आणि अर्ध्या गुडघ्याचा एकूण खर्च कमी आला. त्याआधी, 2014 साली, एक लाखाहून जास्त शस्त्रक्रियांच्या ब्रिटिश नोंदी तपासल्या गेल्या. शंभर जणांना पूर्णऐवजी अर्धा गुडघा बसवला तर पहिल्या चार वर्षांत एक मृत्यू टळेल आणि तीन जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागेल, असा त्यातला अंदाज. सत्तरीतल्या, हृदयविकार असलेल्या माणसासाठी हा सौदा वाईट नाही. पन्नाशीतल्या माणसाने मात्र पुढची तीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवावीत.

निकाल ठरतो तो बराचसा सर्जनच्या हातावर. गुडघ्याच्या दर पाच शस्त्रक्रियांत किमान एक अर्धी करणाऱ्यांचे निकाल, ती क्वचित करणाऱ्यांपेक्षा चांगले आढळले आहेत.

तेव्हा घाई नको. वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो, हे नॉर्थ कॅरोलिनातल्याच वेक फॉरेस्ट विद्यापीठाने मोजून दाखवलं आहे. आधी ते आणि व्यायाम मनापासून करून पाहा. तरीही शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर सर्जनना थेट विचारा: माझे बाकीचे दोन कप्पे खरंच चांगले आहेत का, आणि तुम्ही वर्षाला असे किती अर्धे गुडघे बसवता?