'पेस्ट' म्हणजे कीड की रोग?



इंग्रजीतले कितीतरी शब्द आता आपल्या बोलण्यात इतके मुरले आहेत की ते परके वाटतच नाहीत. पंप, डोस, स्प्रे, पेटी पॅक करणे, हे सगळे आपण रोज बोलतो. पण एक शब्द असा आहे की तो नीट न कळल्यामुळे हातातला मोहोर जातो. तो शब्द 'पेस्ट'.

मी खात्यात नवा असतानाची गोष्ट. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत देवळात बैठक होती. मी ऐटीत म्हणालो, "आधी कलमावर पेस्ट आहे का ते बघा." पुढ्यात बसलेले एक आजोबा उठले आणि घरून बादली घेऊन आले. बादलीत बोर्डो पेस्ट! झाडाची साल सोलवटली की आपण लावतो तो मोरचूद-चुन्याचा लेप. सगळे हसले. आजोबांचे काही चुकले नव्हते. लेप आणि कीड, दोन्ही शब्द मराठीत आपण एकाच तऱ्हेने लिहितो.

आता अर्थ पाहू. मूळ लॅटिन शब्द 'पेस्टिस', म्हणजे मरी, साथीचा रोग. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा प्लेगलाच 'पेस्ट' म्हणत, आणि प्लेगचे रोगी वेगळे ठेवायच्या जागेला 'पेस्ट हाऊस'. पुढे तो पिकाची नासाडी करणाऱ्या किड्यांना लागला, आणि मग माणसांनाही. सारखी भुणभुण लावणाऱ्या पोराला इंग्रज 'पेस्ट' म्हणतो. आपली आई म्हणते, "काय पीडा आहे!" माझ्या मते 'पीडा' हाच त्याचा सर्वांत जवळचा मराठी शब्द. पुस्तकात 'पीडक' असाही शब्द आढळतो, पण बांधावर तो कोणी बोलत नाही.

आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार १९५१ साली झाला. त्याच्या व्याख्येत पिकाला अपाय करणारा कोणताही जीव 'पेस्ट'मध्ये मोडतो. तुडतुडा, तसेच भुरीची बुरशी, तसेच तणही. मराठी याबाबतीत जास्त काटेकोर आहे. आपल्याकडे कीड वेगळी, रोग वेगळा, तण वेगळे. शिवाय प्रत्येक कीटक म्हणजे कीड नव्हे. मोहोरावर घोंघावणाऱ्या माश्या परागीकरण करतात म्हणून तर कणी धरते. म्हणूनच मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळा, असे आम्ही सांगत असतो.

घोळ होतो तो दुकानात. 'पेस्टिसाइड' म्हणजे पेस्ट मारणारे, मग ती पेस्ट कोणतीही असो. कायद्यानेही त्यात भर घातली आहे. १९६८ साली केंद्र सरकारने केलेल्या कायद्याचे नाव 'कीटकनाशके अधिनियम', पण त्यात बुरशीनाशके आणि तणनाशकेसुद्धा येतात!

काही वर्षांपूर्वी एका बागायतदारीण बाईंचा मोहोर पांढरा पडला. त्यांनी दुकानात जाऊन "हापूसला पेस्टिसाइड द्या" एवढेच सांगितले. मिळाले ते तुडतुड्यांचे औषध. दोन फवारण्या झाल्या, मजुरी गेली, आणि मोहोर काठीसारखा सुकला. मला म्हणाल्या, "साहेब, औषध मारलं तरी रोग का नाय गेला?" काय सांगणार? ती भुरी होती. भुरी ही बुरशी. तिला पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्यात २० ग्रॅम, असे काही हवे होते. तेही उन्हाच्या कडाक्यात मारायचे नाही. तुडतुड्यांच्या औषधाने बुरशी मरत नाही.

उलटी चूकही होते. पाने काळी पडली की लोक "रोग आला" म्हणतात. पण पाने आधी चिकट होऊन चकाकत होती का, ते आठवा. तुडतुडे रस शोषताना गोड, चिकट पाणी टाकतात आणि त्यावर काजळी धरते. इथे रोग दिसतो, पण मूळ कीड आहे. फांदी हलवा, तुडतुडे टुणकन उडतात. मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखे दिसले तर भुरी. पानाफुलांवर काळपट ठिपके असतील तर करपा.

तेव्हा दुकानात जाताना 'पेस्टिसाइड' हा शब्द घरीच ठेवा. मोहोराची एक दांडी कागदात गुंडाळून न्या आणि तुडतुडे, भुरी, करपा, जे असेल ते नावाने मागा. शंका असेल तर दांडी आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आंबा फवारणीचे वेळापत्रक असते, ते त्याच्याकडे मिळेल. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यामानाने सौम्य. आपण त्याला 'औषध' म्हणतो खरे, पण ते विषच आहे.

परवा एका बैठकीत हे सगळे सांगून झाल्यावर मागून एकाने विचारले, "साहेब, मग माकडं पण पेस्टच ना?" इंग्रजीच्या हिशेबाने होय. पण त्यांच्यावर मारायला माझ्याकडे कुठलाच डबा नाही, असे सांगून मी खाली बसलो.