मुरुंब्याच्या कोंबड्या आणि पुढची महासाथ

पुढची महासाथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येण्याची शक्यता किती, एवढे मात्र मोजता येते. इटलीतील पाडुआ विद्यापीठाचे मार्को मारानी व सहकाऱ्यांनी चारशे वर्षांतील साथींच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये अंदाज मांडला : कोविडच्या तोडीची साथ कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता सुमारे २ टक्के. आकडा किरकोळ वाटतो. पण दरवर्षीचे २ टक्के साठत गेले की २५ वर्षांत शक्यता जवळपास ४० टक्के होते आणि ३५ वर्षांत निम्म्याच्या पुढे.

असा धोका पक्ष्यांतून कसा सुरू होऊ शकतो, हे परभणीने जवळून पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुरुंबा गावात दोन-तीन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि ११ जानेवारीला बर्ड फ्लूचे निदान जाहीर झाले. एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट करण्याचे, दहा किलोमीटरपर्यंत विक्री थांबवण्याचे आदेश निघाले. राज्याला हा रोग नवा नव्हता. पाळीव कोंबड्यांतील देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरातच झाला होता.

बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची बाधा २००३ पासून जगात नऊशेहून अधिक माणसांना झाली आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. माणसाकडून माणसाकडे हा विषाणू अजून सहज जात नाही, हाच काय तो दिलासा. मात्र मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गाईंत सापडला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या त्याने मेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये परभणीशेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, कावळे. नव्या प्राण्यात शिरताना विषाणूला बदलण्याची संधी मिळते. म्हणून ते २ टक्के कायमचे धरून चालता येत नाही.

तयारी म्हटले की खाटा, ऑक्सिजन, लस आठवते. ते सारे हवेच; पण पहिली खबर खुराड्यातून येते आणि तिथेच व्यवस्था लंगडी आहे. मानमोडी या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगानेही त्या अशाच पटापट मरतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधी मेलेल्यांची नाही. लवकर कळवावे हा नियमाचा हेतू योग्य आहे. मात्र परसात दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईला शंका येईपर्यंत निम्म्या गेलेल्या असतात, आणि कळवले तर उरलेल्याही जाणार. गप्प राहण्यात तिला फायदा दिसला, तर दोष नियमाचा आहे.

माणसांतली साथही या भागाला नवी नाही : १९९४ मध्ये शेजारच्या बीडमधील मामला गावात प्लेगची साथ आली होती. अशा साथींवर नजर ठेवायला परभणीकडे आज पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. कोंबड्यांची मर आणि गावातला ताप यांच्या नोंदी दर आठवड्याला एकत्र पाहायला नवी इमारत लागत नाही. मेलेल्या पक्ष्यांचीही भरपाई महिन्याच्या आत हातात पडली, तर खबर आपोआप लवकर येईल.

पशुरोग प्रतिबंधाच्या २००९ च्या कायद्याने अशी मर कळवणे मालकावर बंधनकारक आहे. एकाच दिवशी चार-पाच कोंबड्या मेल्या तर त्या नाल्यात टाकू नयेत, उघड्या हातांनी उचलू नयेत. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.