बोटाखालचं काळं पातं

२६ मार्च १९८९. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोचं जाकारेपाग्वा सर्किट. फॉर्म्युला वनच्या त्या मोसमातली पहिली शर्यत, आणि नायजेल मॅन्सेलची फेरारीकडून पहिलीच. त्याच्या फेरारी ६४० गाडीत गिअरचा दांडा नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन छोटी पाती, म्हणजे पॅडल्स, होती, एक वरच्या गिअरसाठी आणि एक खालच्या. सरावात ही यंत्रणा इतक्यांदा दगा देऊन गेली होती की गाडी शर्यत पुरी करेल असं फेरारीच्या गोटातही फारसं कुणी धरून चाललं नव्हतं. मॅन्सेलनं परतीचं लवकरचं विमान ठरवून ठेवलं होतं. शर्यतीच्या मध्येच त्याचं स्टिअरिंग व्हील ढिलं झालं, ते पिटमध्ये बदलावं लागलं. आणि तरीही तो जिंकला.

ती गाडी जॉन बर्नार्ड या इंग्रज अभियंत्याची. हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण आठ वर्षांपूर्वी, १९८१ साली, याच माणसानं मॅक्लारेनसाठी एमपी४/१ ही गाडी घडवली होती. सांगाडा सबंध कार्बन फायबरचा असलेली फॉर्म्युला वनमधली ती पहिली गाडी. त्याचे भाग अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीच्या हर्क्युलीस कंपनीत तयार झाले. हा काळा पदार्थ धडकेत भुगा होईल अशी शंका तेव्हा अनेकांना होती. त्याच वर्षी माँझाला जॉन वॉटसनची गाडी कठड्यावर इतक्या जोरात आदळली की इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन त्या सांगाड्यातून उतरून चालत निघाला. शंका घेणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मिळणं शक्य नव्हतं.

म्हणजे आज कुणी हौसेनं आपल्या स्पोर्ट्स कारला कार्बन फायबरची पॅडल्स बसवून घेतो, तेव्हा एकाच माणसानं शर्यतीच्या मैदानात रुजवलेल्या दोन गोष्टी तळहाताएवढ्या जागेत एकत्र येतात. मला या छोट्या वस्तूचं अप्रूप वाटतं ते इथून.

पॅडलचा शोध गिअर झटपट बदलावेत म्हणून लागला, असं आपल्याला वाटतं. बर्नार्डची निकड मात्र वेगळीच होती. त्याला गाडी अरुंद हवी होती. दांडा म्हटला की ड्रायव्हरच्या मांडीशेजारी हात हलवायला जागा लागते, आणि दांड्यापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी सळी न्यावी लागते. सळीच्या जागी विजेची तार आणि तेलाच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह आले तर गाडीचं अंग सडपातळ होतं आणि हवा तिला कमी अडवते. दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात, चुकून भलताच गिअर पडून इंजिन फुटत नाही, हे फायदे त्या पाठोपाठ आले. १९९७ मध्ये फेरारीनं हीच व्यवस्था एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत दिली. आज पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या काही मॉडेलांतही स्टिअरिंगमागे पॅडल्स असतात.

आता या पात्याच्या मागे काय दडलंय ते पाहू. आपण पॅडल ओढतो आणि गिअर बदलला म्हणतो, पण पॅडलमागे असतं ते फक्त एक बारीक स्विच. त्याचा संकेत गाडीच्या संगणकजाळ्यातून गिअरबॉक्सच्या संगणकाकडे जातो. आपण केलेला तो निव्वळ अर्ज असतो. संगणक इंजिनाचे फेरे पाहतो, गाडीचा वेग पाहतो, आणि मंजुरी देतो किंवा नाकारतो. ताशी दीडशेच्या वेगात दुसरा गिअर मागून बघा. गिअर ढिम्म हलणार नाही. ड्युअल-क्लच गिअरबॉक्समध्ये तर आणखी गंमत असते. एका क्लचवर १, ३, ५ हे विषम गिअर, दुसऱ्यावर सम. आपण तिसऱ्यात असतानाच चौथा आधीच अडकवून ठेवलेला असतो. अर्ज मंजूर झाला की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा पकडतो, आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. २०११ च्या मॅक्लारेन एमपी४-१२सी गाडीत पॅडल हलकेच दाबलं की गिअरबॉक्स पुढच्या गिअरच्या तयारीला लागायचा आणि पूर्ण दाबल्यावर गिअर पडायचा. बोटाच्या एका हालचालीत दोन पायऱ्या!

मग पातं बदलून मिळतं काय? गाडी वेगवान होत नाही, हे आधी सांगून टाकतो. बारा सेंटिमीटर लांब, चार रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असं पातं ॲल्युमिनियमचं असेल तर साधारण ३९ ग्रॅम भरेल, कार्बनचं २२ ग्रॅमच्या आसपास. दोन पात्यांत मिळून तीस-पस्तीस ग्रॅम वाचले, तेही दीड टनाच्या गाडीत. जे मिळतं ते बोटाला मिळतं. सगळ्या गिअरबॉक्सपैकी चालत्या गाडीत माणसाच्या हाताला लागणारा भाग तेवढाच असतो, आणि तिथं कंपन्या बऱ्याचदा साध्या प्लास्टिकवर भागवतात.

इथं तरफेचा नियम कामाला येतो. पातं एका टोकाला बिजागरीवर फिरतं. बिजागरीपासून दुप्पट अंतरावर बोट ठेवलं तर जोर निम्मा लागतो, पण बोटाला दुप्पट सरकावं लागतं. लांब पातं मऊ वाटतं, आखूड पातं करकरीत. लांबी वाढवली आणि पातं लवचिक निघालं, तर स्विचची ‘टक’ बोटापर्यंत पोचेतो विरून जाते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर घेतलं की तो तिपटीहून जास्त. कार्बन हलकाही आहे आणि ताठही, म्हणून त्याची टक स्वच्छ येते. काही कारागीर पुढं जाऊन आत छोटे निओडिमियम चुंबक बसवतात. चुंबकाची ओढ अंतर वाढताच झपाट्यानं घटते. त्यामुळे पातं आधी अडून राहतं, मग एकदम सुटतं, आणि गिअर पडल्याचं बोटाला कानाआधी कळतं. स्प्रिंगचं उलट असतं, ओढाल तसा तिचा जोर वाढतच जातो.

आणि हा कार्बन येतो कुठून? स्वेटरची ॲक्रिलिक लोकर ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातल्या पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाच्या पांढऱ्या धाग्यापासून! जपानमध्ये ओसाकाला अकिओ शिंदो यांनी १९६१ च्या सुमारास ही वाट दाखवली, आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेनं तिचा भक्कम रस्ता केला. धागा ताणून धरून हवेत दोन-तीनशे अंशांना भाजतात. तो पिवळा पडतो, तपकिरी होतो, काळा होतो. मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवतात. कार्बन सोडून जवळजवळ सगळं उडून जातं, निम्मं वजन उरतं, आणि उरलेले अणू धाग्याच्या दिशेनं रांगेत लागतात. अशी एक तार सुमारे सात मायक्रॉनची. दीडशेच्या आसपास तारा शेजारी-शेजारी मांडल्या तर एक मिलिमीटर भरतो. तीन हजार तारांचा एक पेड, आणि पेडांचं विणलेलं कापड. पॅडलवर दिसणारी तिरकी नक्षी ही जीन्सच्या कापडासारखीच ट्विल वीण असते. या तारेचा एक गुण ऐकून मी थक्क झालो होतो: तापवल्यावर ती लांबीच्या दिशेनं वाढत नाही, उलट किंचित आकसते.

नुसतं कापड मात्र लुळं असतं. रेझिन नावाच्या चिकट द्रव्यानं तारा जखडल्या की मग ताठपणा येतो. रेझिन आधीच मुरवलेलं कापड शून्याखाली अठरा अंशांना साठवतात, नाहीतर ते आपोआप घट्ट होऊ लागतं. पॅडलसाठी त्याचे दहा-बारा थर साच्यात रचतात, काही सरळ, काही ४५ अंशांत. रचना मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी एकसारखी असावी लागते. तसं नसेल तर भट्टीतून निघालेलं पातं पिळवटतं. ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाबाखाली १२० अंशांच्या आसपास ते पक्कं होतं. मग कापणी. तीही पाणी सोडत, कारण ही धूळ फुप्फुसाला आणि कातडीला वाईट. कडा ओल्या पॉलिश पेपरनं घासायच्या आणि वर क्लिअर कोट द्यायचा. उन्हानं इपॉक्सी रेझिन पिवळं पडतं, त्याला हा कोट थोपवतो. तयार पातं उन्हात जरा कलतं करून बघा. मघाशी चमकणारा पेड काळा होतो आणि शेजारचा काळा पेड उजळतो, कारण प्रत्येक पेड आपल्या तारांच्या दिशेनुसार प्रकाश परतवतो. छापील नक्कल इथं लगेच उघडी पडते.

बसवताना मात्र नुसती हौस पुरत नाही. पहिला प्रश्न, पॅडल कशाला जोडलेलं आहे? फेरारी आणि लॅम्बोर्गिनीत ती स्टिअरिंगच्या खांबाला पक्की असतात, चाकासोबत फिरत नाहीत. पोर्शेत ती चाकावरच असतात. निस्सान जीटी-आर आर३५ मध्ये २०१६ पर्यंत खांबावर होती, २०१७ च्या मॉडेलपासून चाकावर आली. खांबावरच्या पॅडलला लांब पातं शोभतं, कारण वळणात चाक फिरलं तरी बोट पोचायला हवं. पण लांबी बेतानं वाढवावी. मागच्या इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्यांना ते अडता कामा नये. जाणकार कारागीर आधी पुठ्ठ्याचा नमुना बसवून चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघतो.

दुसरी गोष्ट स्क्रूची. कार्बन वीजवाहक आहे. ॲल्युमिनियमचा स्क्रू त्याला थेट टेकला आणि दमटपणा मिळाला की दोघांची मिळून बॅटरी होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणून स्टेनलेस स्टीलचे किंवा टायटॅनियमचे स्क्रू, किंवा मध्ये काचतंतूचा एक थर. भोकात धातूची बुशिंग असावी, नाहीतर स्क्रू आवळताना रेझिन चिरडतं. हे सगळं टाळून मूळ प्लास्टिकवर दुहेरी टेपनं चिकटवायची पातळ कार्बन पट्टी मिळते. माझ्या मते ती घेऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत टेप सैल होतो, आणि ताठपणा शेवटी खालच्या प्लास्टिकचाच राहतो.

चाकावरच्या पॅडलपर्यंत पोचायला बहुतेक गाड्यांत एअरबॅग काढावी लागते. तिच्यात स्फोटक भरलेलं असतं. शिवाय चाकामागे एक चपटी गुंडाळलेली पट्टी असते, जिच्यातून हॉर्न, एअरबॅग आणि पॅडल यांच्या तारा जातात. चाक काढलेलं असताना ती भलतीकडे फिरली तर पुढच्या वळणात तुटते. तेव्हा पाती हवी तशी हौसेनं निवडा, वीण निवडा, लांबी निवडा; पण बॅटरी सोडवून, कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबून, एअरबॅगचं काम ज्याच्या हातात बसलं आहे अशा मेकॅनिककडूनच ती बसवून घ्या.