आठ वर्षांच्या मुलाच्या धमन्या

१९३३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने दगावला. शवविच्छेदनात त्याच्या मानेतल्या धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड आणि अरुंद झालेल्या दिसल्या. नवलाची केस म्हणून ती छापून आली आणि विसरलीही गेली. पस्तीसेक वर्षांनी त्याच घराण्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीला होमोसिस्टिनुरिया (रक्तात होमोसिस्टीन साठत जाण्याचा आनुवंशिक विकार) असल्याचं निदान झालं, तेव्हा किल्मर मॅककली या विकृतिशास्त्रज्ञाने त्या मुलाच्या ऊतींचे जुने नमुने हुडकून काढले. (रुग्णालयं अडगळ साफ करत नाहीत, याबद्दल कधीतरी त्यांचे आभारही मानावेत.) धमन्या कडक झालेल्या होत्या, पण त्यांत कोलेस्टेरॉलचा थर नव्हता. एवढ्यावर काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण या आजारात मेथिओनाइन हे अमिनो आम्लही वाढलेलं असतं आणि दोषी तेही असू शकलं असतं. मग त्याला दोन महिन्यांच्या एका बाळाची केस सापडली. बिघाड वेगळ्याच विकराच्या पायरीवरचा, मेथिओनाइन वाढलेलं नव्हतं, तरी धमन्यांची गत तीच. दोघांत सामाईक एकच गोष्ट उरली, वाढलेलं होमोसिस्टीन. १९६९ मध्ये छापलेला हा युक्तिवाद मला विसाव्या शतकातल्या वैद्यकातल्या सर्वांत सुरेख वजाबाक्यांपैकी एक वाटतो. कोलेस्टेरॉलच्या त्या भरात मात्र त्याला फारसं कुणी विचारलं नाही, आणि पुढे मॅककलीला हार्वर्डही सोडावं लागलं.

हा निष्कर्ष सगळ्यांना लावण्यावरचा आक्षेप उघड आहे: अशा मुलांच्या रक्तात होमोसिस्टीन दर लिटरला शंभर मायक्रोमोलच्या वर जातं, तुमच्याआमच्यात ते पाच ते पंधरा. शिवाय त्यांचा मुख्य घात गुठळ्यांनी होतो. तरीही कार्यकारणभाव खरा आहे, हे उपचारच सांगतात. २००१ मधल्या पाहणीत उपचार घेणाऱ्या १५८ रुग्णांत उपचारांविना रक्तवाहिन्यांच्या ११२ दुर्घटना अपेक्षित होत्या, घडल्या १७. होमोसिस्टीनमुळे धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नीट पुरवू शकत नाही, वाहिनी सैलावत नाही आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. प्रश्न उरतो तो थोड्याशा वाढीचा.

तिथे मॅककलीचे चाहते अडखळतात, आणि अडखळायलाच हवं. २००६ च्या होप-२ चाचणीत ५,५२२ जणांना फोलिक अ‍ॅसिड, बी-१२ अशी जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन खाली आणलं, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. होमोसिस्टीन जन्मभर चढं ठेवणारा जनुकभेद असणाऱ्यांतही हृदयविकार वाढलेला नाही, हे २०१२ मध्ये अप्रकाशित आकडेही धुंडाळणाऱ्या विश्लेषणाने दाखवलं. हृदयापुरता खटला जवळपास निकाली निघाला आहे. मेंदूचा नाही. होप-२ मध्येच पक्षाघात सुमारे चतुर्थांशाने घटले. चीनमध्ये पिठात फोलिक अ‍ॅसिड मिसळत नाहीत. तिथल्या २०,७०२ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ते दिल्यावर पहिला पक्षाघात ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आला (२०१५). होप-२ मधले बरेचसे रुग्ण मात्र फोलिक अ‍ॅसिड मिसळलेलं पीठ आधीच खात होते. भरल्या पोटी जेवणाचा गुण कसा कळणार?

पुण्यात गणित आणखी वेगळं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी छापली. ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन पंधराच्या वर होतं, शहरी मध्यमवर्गात ७९ टक्क्यांचं. फोलेटची कमतरता थोड्यांनाच होती, बी-१२ ची ६७ टक्क्यांना, शाकाहाऱ्यांत अधिक. चीनची गोळी इथे पत्ता चुकते. नुसत्या फोलिक अ‍ॅसिडने बी-१२ च्या अभावाचा पंडुरोग झाकला जातो, आणि मज्जातंतू झिजत राहतात.