आंघोळीचे पाणी आणि स्वस्त विजेची वेळ

दिवाळी सरली की अमरावती-अकोल्याकडे पहाटेचा गारवा झोंबू लागतो आणि घरोघर पाणी तापू लागते. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब असायचा. त्यात पऱ्हाटी नाहीतर तुराटी घातली की काम भागे. सरपण शेतातलेच, त्यामुळे हिशेब कोणी ठेवत नसे. आता गिझर आला, रॉड आला, आणि बिल हाती पडले की घरधनी विचारतो, "एवढी वीज गेली तरी कुठे?"

१ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात घरगुती विजेला वेळेप्रमाणे सवलत जाहीर झाली. ज्यांच्याकडे वेळ नोंदणारे स्मार्ट मीटर आहे, त्यांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत पहिल्या वर्षासाठी युनिटमागे ८० पैसे सूट. या वेळेत सौर वीज भरपूर असते, म्हणून. विलायतेत गोष्ट उलटी. तिथे १९७८ पासून रात्रीचे सात तास स्वस्त वीज देण्याची योजना आली, कारण मोठी केंद्रे रात्री बंद करणे परवडत नाही. तिथला गृहस्थ रात्री टाकीभर पाणी तापवतो आणि सकाळी न्हातो. आपली आंघोळ मात्र सकाळी ६ ला, आणि स्वस्त वीज ९ नंतर! खरी गोम इथे आहे.

मग दुपारीच तापवून ठेवावे काय? गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि १ युनिट विजेत ८६० किलोकॅलरी असतात. १५ लिटरची टाकी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायची, तर ६०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ०.७ युनिट. त्यावर सूट मिळेल ५६ पैसे. पण रातभरात ते पाणी १४ अंशांनी जरी निवले, तरी पाव युनिटाची ऊब गेली. युनिटाला ६ रुपये धरले तर दीड रुपया! छपन्न पैशांसाठी दीड रुपया घालवणे हा काही शहाणपणाचा सौदा नव्हे. वावरातून येऊन संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांनी मात्र पाचच्या आत पाणी तापवून लगेच वापरावे. सूट त्यांच्या कामाची आहे.

बाकीच्यांनी पाणी कुठले घेतो ते पाहावे. छतावरच्या टाकीतले पाणी रातभर निवते. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पाच माणसे, प्रत्येकी २० लिटर पाणी, ४० अंशांपर्यंत तापवायचे. सुरुवातीला ते २० अंशांवर असेल तर महिन्याला जवळपास ७० युनिट लागतात. २६ अंशांवर असेल तर ४९. एकवीस युनिट वाचले, म्हणजे सव्वाशे रुपये. शिवाय महिन्याचे १०० युनिट ओलांडले की पुढचा दर जवळजवळ दुपटीच्या घरात जातो, तेव्हा काठावरच्या घराला फायदा आणखी मोठा. नळाचेच पाणी असेल तर आदल्या सांजेला घरातल्या पिंपात भरून झाकून ठेवावे. छतावरच्यापेक्षा ते कमीच निवेल.

दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींची अडचण वेगळी. भूगर्भातल्या पाण्याने रॉडवर पांढरी खपली चढते. त्याने बिल फारसे वाढत नाही, पण आतली उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही आणि रॉड तापून जळतो. तिथे जमेल तर गोडे पाणीच तापवावे, आणि वर्षातून एकदा, मुख्य बटण बंद करून, कारागिराकडून खपली काढून घ्यावी. बादलीतला रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहणे तर कोणीच करू नये. लेकरांना त्या खोलीत येऊ देऊ नये.