बंगळुरूला समुद्र नाही, पण नळाला येतो तो समुद्रच!

बंगळुरूत राहणारे असाल, तर समुद्र बघायला तुम्हाला तीनशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. रात्रीची बस धरायची आणि सकाळी मंगळुरूला उतरायचं. पण जरा विचार करा, तुमच्या नळाला येणारं पाणी कुठलं? कावेरीचं. कावेरीला पाणी कुठून आलं? कोडगूच्या डोंगरांवर पडलेल्या पावसातून. आणि तो पाऊस? तो अरबी समुद्रावरून आला. म्हणजे समुद्र रोज आपल्या घरी येतो, फक्त खारटपणा मागे ठेवून.

आता एक प्रश्न. समुद्रातलं पाणी वाहतं कशामुळे?

मोठं कारण म्हणजे वारा. वारा पाण्यावर सतत एकाच दिशेने घासत राहिला की वरचा थर सरकू लागतो. त्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात हा प्रवाह वाऱ्याच्या दिशेपेक्षा थोडा उजवीकडे वळतो. शिवाय थंड आणि जास्त खारट पाणी जड असतं, ते खाली बसतं. गरम पाणी वर राहतं. या सगळ्यांतून समुद्राच्या पोटात नद्याच नद्या तयार होतात. मात्र त्यांना काठ नसतात.

आपल्या बाजूच्या समुद्राची गंमत मात्र वेगळीच आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून वाहणारा सोमाली प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि उन्हाळ्यात चक्क उलटा फिरून उत्तरेकडे धावतो. मोसमी वारे दिशा बदलतात, त्यांच्यामागे प्रवाहही बदलतो. जगातल्या मोठ्या प्रवाहांमध्ये असं वर्षातून दोनदा घूमजाव करणारे फारच थोडे. उन्हाळ्यात हे वारे सोमालियाजवळचं वरचं पाणी दूर लोटतात आणि त्या जागी खोलवरचं थंडगार पाणी वर येतं. त्या पाण्याबरोबर खालचं खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट वगैरे वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यामागे मासे. आपल्याकडे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात असंच खालचं पाणी वर येतं. ताटातल्या तारली-बांगड्यामागे हाही एक हात आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. समुद्राचं तापमान आणि पाऊस यांचा नेमका संबंध काय, हे उलगडण्यात एका मराठी बाईचा मोठा वाटा आहे आणि त्यांनी ते काम इथेच, बंगळुरूत केलं. सुलोचना गाडगीळ. जन्म पुण्याचा, 1944 चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, मग हार्वर्डला गेल्या आणि 1970 मध्ये उपयोजित गणितात पीएच.डी. मिळवली. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम प्रवाह सरळ न जाता नागमोडी का वाहतो, हा त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासाचा विषय होता. भारतात परत आल्यावर मात्र त्यांनी आपला पाऊस निवडला. काही काळ पुण्यात आणि 1973 पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. तिथलं वातावरण आणि महासागर विज्ञानाचं केंद्र उभं करण्यात त्या पुढे होत्या.

1984 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक साधी वाटणारी पण फार महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. आपल्या भागात समुद्राचा पृष्ठभाग साधारण 28 अंश सेल्सिअसच्या वर असेल, तरच त्यावर पावसाच्या ढगांचे मोठे थर नियमित तयार होतात. त्याखाली ते क्वचितच दिसतात. पण उंबरठा ओलांडला म्हणजे पाऊस पडलाच असं नाही. कुकर गरम झाला तरी शिट्टी होण्यासाठी झाकण नीट बसावं लागतं, तसं काहीसं. सोमालियाजवळच्या थंड समुद्रावर ढग का जमत नाहीत, हे यावरून लक्षात येतं. मेमध्ये केरळजवळचा समुद्र मात्र 30 अंशांपर्यंत तापलेला असतो.

मग एल निनोचं काय? टीव्हीवर दरवर्षी ऐकतो ना, प्रशांत महासागर तापला की आपल्याकडे दुष्काळ! पण 1997 साली विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता आणि तरी देशात पाऊस नेहमीइतका, किंचित जास्तच, झाला. उलट 2002 साली एल निनो मध्यम होता आणि पाऊस जवळपास 19 टक्के कमी पडला. जुलैमध्ये तर देशाला नेहमीच्या जवळजवळ निम्माच पाऊस मिळाला. पेरलेलं जळलं, दुबार पेरणी करायची तर बियाण्याला पैसे नाहीत, अशी अवस्था.

गाडगीळांनी विनयचंद्रन, फ्रान्सिस आणि सिद्धार्थ गाडगीळ यांच्याबरोबर 2004 मध्ये याचं उत्तर हिंदी महासागरात शोधलं. विषुववृत्तावर आफ्रिकेच्या बाजूला ढग जास्त जमले तर आपल्याला मदत होते. सुमात्राच्या बाजूला जमले तर नुकसान. या हेलकाव्याला त्यांनी इक्विनू असं नाव दिलं. 1997 मध्ये पश्चिमेकडचं पारडं जड होतं, 2002 मध्ये पूर्वेकडचं. म्हणजे शेजारचा समुद्र बघितल्याशिवाय दूरच्या समुद्रावरून अंदाज बांधता येत नाही. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की हे ज्ञान त्यांनी कागदावर ठेवलं नाही. अनंतपूर भागातल्या भुईमुगाच्या शेतकऱ्यांबरोबर बसून, पेरणी कधी केली तर धोका कमी, यावर त्या काम करत राहिल्या. जुलै 2025 मध्ये त्या गेल्या.

आणि लाटा? त्या प्रवाहांपेक्षा वेगळ्या. लाटेबरोबर पाणी फारसं पुढे जात नाही, पुढे जाते ती ऊर्जा. समुद्रात तरंगणारा नारळ बघा, लाट आली की वर, गेली की खाली, जवळजवळ जागच्या जागी. म्हणूनच अंटार्क्टिकाच्या बाजूला उठलेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर पार करून केरळच्या किनाऱ्यावर आदळू शकतात. वर आभाळ निरभ्र, वारा नाही, आणि पाणी एकदम घरात. मच्छीमार याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता याचा इशारा आधी देते. कोकण-गोव्याला किंवा केरळला मुलांना घेऊन जाणार असाल, तर तिच्या संकेतस्थळावर एकदा डोकावून घ्या. आभाळ बघून ठरवू नका.

एक शेवटची गोष्ट, कोकणातल्या वाचकांना ठाऊक असलेली. पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाळू कुठे जाते? उंच, जोरदार लाटा ती ओढून आत नेतात आणि किनारा अरुंद होतो. ऑक्टोबरनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. दिवाळीच्या सुट्टीत जिथे पाय बुडतो ती वाळू, पावसात समुद्राच्या तळाशी होती.